जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर घेताय? आधी मीटर, मग प्लग

जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प (काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, चालणारा ध्वनिवर्धक) विकणारा बहुतेक वेळा सुरुवातच अशी करतो: "भाऊ, लावूनच दाखवतो ना, चालू कंडिशन आहे." त्याला तिथेच थांबवा. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या सेटला एकदम २३० व्होल्ट देण्याइतकी वाईट गोष्ट त्याच्यासाठी दुसरी नाही. आतले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर (वीज साठवणारे डबे) एवढ्या काळात सुकलेले असतात, त्यांच्यातल्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा थर विरलेला असतो. वीज मिळताच ते जवळपास शॉर्टसारखे वागतात आणि सगळा भार रेक्टिफायरवर (एसीचा डीसी करणाऱ्या भागावर) आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरवर येतो. कॅपॅसिटर बर्डीत, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, मिळतो. त्या सेटचा ट्रान्सफॉर्मर कुठेच मिळत नाही.

म्हणून घेताना पैसे ट्रान्सफॉर्मरचे मोजायचे. पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला) धड असतील तर बाकी सगळं उभं करता येतं. व्हॉल्व्ह झिजतातच, कॅपॅसिटर वाळतातच, रेझिस्टर दोन-पाच रुपयांचे. आपल्याकडे मोटर आणि पंखे भरून देणारे वाइंडिंगवाले गल्लोगल्ली आहेत. त्यातला हुशार माणूस पॉवर ट्रान्सफॉर्मर पुन्हा भरून देईलही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र त्याच्याकडे देऊ नका. त्यात प्रायमरी (आत येणाऱ्या बाजूची गुंडाळी) आणि सेकंडरी (बाहेर जाणाऱ्या बाजूची) थरांमध्ये वाटून, एकाआड एक गुंडाळलेली असते. ते थर सरळ एकावर एक भरले की सेट वाजतो, पण वरचे सूर मरतात.

नागपुरात काय मिळतं

सगळ्यात जास्त सापडतात ते बिछायत केंद्रं आणि जुन्या साउंड सर्व्हिसवाल्यांनी अडगळीत टाकलेले माइक सेट. हे मोनो असतात, जड असतात, आत ईएल३४, ६एल६ नाहीतर ८०७ नंबरचे दोन किंवा चार व्हॉल्व्ह असतात आणि मागे भोंग्यांसाठी १०० व्होल्टची लाइन असते. दिसायला राकट, पण ट्रान्सफॉर्मर बहुधा भक्कम. काहींवर १२ व्होल्ट बॅटरीची जोडणीही दिसते. त्या सेटमधला व्हायब्रेटर (बॅटरीचा डीसी तोडून-जोडून ट्रान्सफॉर्मरला देणारा भाग) आज निरुपयोगी समजा, आणि सेट घरच्या विजेवर चालण्यासाठी वेगळी वाइंडिंग आहे का हे आधी बघून घ्या.

दुसरा प्रकार धरमपेठ, रामदासपेठ, महाल भागातल्या जुन्या घरांतून निघणाऱ्या रेडिओग्रामचा (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पेटीत). यात ईएल८४ किंवा ईसीएल८२ असते, ताकद तीन-चार वॉटच, पण खोलीत ऐकायला पुरते. तिसरा प्रकार अलीकडचा: कुणी ऑनलाइन मागवलेला चिनी अ‍ॅम्प किंवा गिटारचा अ‍ॅम्प, जो आता विकायचा आहे. यातला एखादा परदेशातून सामानाबरोबर आलेला असतो. मागची पट्टी वाचा. अमेरिकेतला असेल तर १२० व्होल्ट, जपानमधला असेल तर १००. आपल्या बोर्डात खोचला की फ्यूज जाईल हा आशावाद झाला. कधी कधी फ्यूजच्या आधी ट्रान्सफॉर्मर जातो.

एक प्रकार मात्र नवख्याने हातात घेऊच नये. काही जुन्या रेडिओ-रेकॉर्ड प्लेअरमध्ये पॉवर ट्रान्सफॉर्मरच नसतो. विजेची एक तार थेट चॅसिसला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की पूर्ण पत्र्यावर फेज येतो. ओळखायची खूण सोपी आहे: व्हॉल्व्हचे नंबर यू अक्षराने सुरू होतात, म्हणजे यूसीएच८१, यूएल८४, यूवाय८५ असे. त्यांचे फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा) एका माळेत जोडलेले असतात. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला मेन लाइनपासून वेगळा ठेवणाऱ्या) उघडायचा नाही आणि त्याला फोन किंवा दुसरं काही वायरने जोडायचं नाही. ई अक्षराने सुरू होणाऱ्या नंबरांचे फिलामेंट ६.३ व्होल्टवर चालतात. हा मजकूर पुढे पॉवर ट्रान्सफॉर्मर असलेल्या अशाच सेटबद्दल आहे.

विक्रेत्याकडे, वीज न लावता

सोबत डिजिटल मीटर, टॉर्च, दोन स्क्रू-ड्रायव्हर आणि एक मार्कर एवढं न्या. प्लग बोर्डाबाहेर आहे ना, हे स्वतः डोळ्यांनी बघा. "काल लावला होता" असं कळलं तर आत अजून चार्ज असू शकतो हे धरून चाला आणि खालचं झाकण तिथे उघडू नका.

आधी नाक. ट्रान्सफॉर्मरजवळ वास घ्या. जळक्या वार्निशचा वास एकदा लागला की वर्षानुवर्षं जात नाही. मग टॉर्च मारून त्याच्या बुडाशी बघा. डांबर किंवा मेण ओघळून वाळलेलं दिसलं तर तो कधीतरी भयंकर तापलेला आहे. थोडासा ओघळ आपल्याकडच्या मे महिन्यातही येऊ शकतो; पण ओघळ आणि वास दोन्ही असले तर सरळ परत फिरा. ट्रान्सफॉर्मरशेजारी रिकामी स्क्रूची भोकं दिसली तर तो बहुधा नंतर बसवलेला दुसराच आहे.

फ्यूज काढून बघा. काचेच्या फ्यूजवर चंदेरी कागद गुंडाळलेला, किंवा जागेवर तांब्याची तारच बांधलेली असेल, तर त्या सेटचा फ्यूज वारंवार उडत होता आणि कारण शोधायचा कुणी त्रास घेतला नाही एवढं कळलं. भाव तिथूनच खाली आणायचा.

मीटर आता ओमवर, २०० च्या रेंजला. दोन्ही टोकं एकमेकांना लावून वायरींचा स्वतःचा आकडा बघा, ०.३ ते ०.५ असतो, तो पुढे वजा करायचा. सेटचं बटण चालू करून प्लगच्या दोन पिनांमध्ये मोजा. २३० व्होल्टच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी साधारण १० ते ५० ओम दाखवते. छोटा रेडिओग्राम वरच्या बाजूला, मोठा माइक सेट खालच्या, कधी दहाच्याही आत. काहीच आलं नाही तर आधी फ्यूज आणि बटण तपासा. ते ठीक असूनही काही येत नसेल तर वाइंडिंग तुटली आहे.

नंतर रेंज मेगओमवर. एक टोक चॅसिसच्या उघड्या धातूला (रंगावर किंवा गंजावर नको, खोटा आकडा येतो) आणि दुसरं प्लगच्या प्रत्येक पिनेला. दोन मेगओमच्या वर किंवा अनंत यायला हवं. काही शे किलोओम आले तर ओल, उंदरांची घाण किंवा इन्सुलेशनची गळती आहे. मीटरची बॅटरी नऊ व्होल्टची, तिला चारशे व्होल्टवर फुटणारं इन्सुलेशन कळत नाही. त्यामुळे ही चाचणी नापास झाली तर निकाल पक्का, पास झाली तर अर्धाच. महागडा सेट असेल तर एखाद्या मोटर वाइंडिंगवाल्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरवर (जास्त दाबाने इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्रावर) पॉवर ट्रान्सफॉर्मर तपासून घ्या, पण तो सर्किटपासून सुटा करून.

आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर, इथे वेळ घाला. मीटर पुन्हा २०० ओमवर. मागच्या स्पीकर टर्मिनलवर कॉम (सामाईक टोक) आणि ८ (आठ ओमच्या स्पीकरचं टोक) यांच्यात ०.३ ते १ ओम यायला हवं. ते आलं म्हणजे सेकंडरी सलग आहे. प्रायमरी मोजायला आउटपुट व्हॉल्व्ह काढावे लागतात आणि मीटरची रेंज एक पायरी वर न्यावी लागते. ईएल३४ सारखा मोठा व्हॉल्व्ह काचेला धरून ओढू नका, खालच्या बुडाला धरून किंचित हलवत वर घ्या. ईएल८४ सरळ वर. काढण्याआधी मार्करने कागदावर जागा लिहून ठेवा. ईएल३४ च्या सॉकेटमध्ये प्लेटची (व्हॉल्व्हच्या आतल्या राखाडी पत्र्याची) पिन तिसरी, ईएल८४ मध्ये सातवी. एक गोम लक्षात ठेवा: पिनांची मोजणी खालून, घड्याळाच्या दिशेने असते. सॉकेटच्या वरून बघताना ती उलट दिशेने मोजावी लागते. ८०७ ची प्लेट काचेच्या डोक्यावरच्या टोपीला असते.

दोन व्हॉल्व्हच्या पुश-पुल सेटमध्ये (दोन्ही व्हॉल्व्ह आळीपाळीने ओढतात) एका प्लेटपासून दुसऱ्या प्लेटपर्यंत साधारण ८० ते ५०० ओम मिळतात, आणि मधल्या टोकापासून दोन्हीकडे जवळपास निम्मे-निम्मे. दोन्ही बाजूंत दहा-पंधरा टक्के फरक असला तर घाबरू नका. आतली गुंडाळी छोट्या घेराची आणि बाहेरची मोठ्या घेराची, तेवढेच वेढे घ्यायला बाहेर तार जास्त लागते. एक बाजू १२० आणि दुसरी ४० असेल तर मात्र वेढे शॉर्ट आहेत. एकच ईएल८४ असलेल्या रेडिओग्राममध्ये प्रायमरी २०० ते ६०० ओमच्या आसपास. अनंत आली तर ती तुटलेली आहे, आणि या तपासणीत हा सगळ्यात जास्त सापडणारा दोष आहे.

स्टिरिओ सेट असेल तर काम सोपं. डावा-उजवा आकडा शेजारी लिहा. दोन सारख्या ट्रान्सफॉर्मरांनी सारखं बोललं पाहिजे.

व्हॉल्व्ह शेवटी बघा. काचेच्या आत, बहुधा डोक्याशी, चंदेरी डाग असतो. तो पांढरा, दुधी झाला असेल तर आत हवा शिरली आहे, व्हॉल्व्ह मेला. चंदेरी असेल तर तो जिवंत असू शकतो. किती जिवंत ते डोळ्यांना कळत नाही. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून व्हॉल्व्ह बनवले, त्यामुळे भारतीय सेटमध्ये बीईएल छाप भरपूर दिसते आणि ती चांगली असते. छापलेलं नाव बोटाने पुसून "खरं-खोटं" करायला जाऊ नका, जुनी खरी छपाईसुद्धा सहज निघते.

भाव

सगळे व्हॉल्व्ह आणि सगळे इलेक्ट्रोलिटिक बाद आहेत असं धरून हिशोब करा. नवा संच, कॅपॅसिटर, तीन पिनी वायर आणि मेकॅनिकची मजुरी यांची बेरीज विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यात मिळवा. ती रक्कम चालू स्थितीतल्या तशाच अ‍ॅम्पच्या जवळ गेली तर सौदा महाग आहे. ईएल३४, ईएल८४ आणि ईसीसी८३ आजही नवे बनतात, त्यामुळे त्या नंबरांवरचा सेट घेणं सोयीचं. "आत ओरिजिनल मुलार्ड (नामांकित ब्रिटिश छाप) आहेत" यासाठी वेगळे पैसे देऊ नका; टेस्टरवर तपासलेला आकडा असेल तर गोष्ट वेगळी.

घरी आणताना आणि उघडताना

व्हॉल्व्ह काढून वर्तमानपत्रात वेगवेगळे गुंडाळा, सेट ट्रान्सफॉर्मर खाली येईल असा ठेवा. मोठा माइक सेट पंधरा-वीस किलो भरतो, तो स्कूटरच्या पायदानावर उभा आणायच्या भानगडीत पडू नका, ऑटो करा.

आता विजेच्या धोक्याचं नीट. ईएल८४ च्या सेटमध्ये डीसी दाब २५० ते ३२० व्होल्ट असतो, ईएल३४ च्या पुश-पुलमध्ये ४०० ते ४५०, ८०७ मध्ये त्याहून वर जाऊ शकतो. प्लग काढल्यावरही तो कॅपॅसिटरमध्ये बसून राहतो. घरच्या बोर्डाला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (विजेची गळती होताच मेन तोडणारा स्विच) असेल तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ट्रान्सफॉर्मरच्या पुढचा हा दाब मेन लाइनपासून वेगळा असल्यामुळे त्याचा झटका आरसीसीबीला कळतच नाही.

डिस्चार्जसाठी ४.७ किलोओम, १० वॉटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर घ्या. एका टोकाला इन्सुलेशनवाली मगर-क्लिप, दुसऱ्याला चांगली वायर आणि टेस्ट प्रॉड, आणि मधे उघडा धातू राहणार नाही अशी स्लीव्ह चढवा. क्लिप चॅसिसला आधी लावा, मग एका हाताने प्रॉड मुख्य कॅपॅसिटरच्या धन टोकाला दहा सेकंद धरा. १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर यातून तीनेक सेकंदांत रिकामा होतो. मग मीटरने बघा, १० व्होल्टच्या खाली आहे ना. पाच मिनिटांनी पुन्हा बघा, कारण जुन्या कॅपॅसिटरमध्ये थोडा दाब परत वर येतो. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणारे मिस्त्री असतात. त्यात स्क्रू-ड्रायव्हरचं टोक उडतं आणि कधी कॅपॅसिटरची आतली जोडणीही.

अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवा. कोरडी चप्पल पायात हवी. दुसरा हात पाठीमागे. उन्हाळ्यात हे काम सकाळी करा. घामेजलेल्या हाताला झटका जास्त बसतो, आणि कूलरसमोरची ओलसर फरशी तर नकोच. घरात कुणीतरी असावं, ज्याला मेन स्विच कुठे आहे हे माहीत आहे. बाजारात मिळणारा स्वस्त पिवळा मीटर ओम मोजायला चालतो, पण त्याच्या बारीक वायरी ४५० व्होल्टसाठी नाहीत. जरा बरा, ६०० व्होल्ट कॅट-३ (सुरक्षेचा दर्जा) लिहिलेला मीटर घ्या.

सेट दोन पिनी असेल तर वीज देण्यापूर्वीच तीन पिनी करा. ०.७५ चौरस मिलिमीटरची तीन-कोर वायर, फेज फ्यूजमधून, न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरला आणि हिरवी तार चॅसिसला तिच्या स्वतःच्या बोल्टवर, दातेरी वॉशर घालून, रंग खरवडून. हिरवी तार आत इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे वायर कुणी हिसकली तरी ती सगळ्यात शेवटी सुटेल. चॅसिस आणि मेन लाइन यांच्यात जुना कॅपॅसिटर असेल, जो गिटार अ‍ॅम्पमध्ये हमखास असतो, तर तो काढून टाका. शंभर वॉटपर्यंत वीज खाणाऱ्या सेटला १ अँपचा स्लो-ब्लो फ्यूज पुरे. आणि बोर्डातल्या अर्थिंगची खात्री करा: फेज ते अर्थ जवळपास फेज ते न्यूट्रल इतकाच दाब, न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असू शकतं.

कॅपॅसिटर: आधी बदला

तीस-चाळीस वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक हळूहळू दाब देऊन जिवंत करता येतात, पण त्या खटाटोपाला आज अर्थ नाही. ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, १०५ अंशाचे नवे बर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात, कारण टीव्ही आणि पॉवर सप्लायमध्ये तेच लागतात. मोठा तो चांगला म्हणून २२० चा बसवू नका. व्हॉल्व्ह रेक्टिफायरला पहिल्या कॅपॅसिटरची मर्यादा असते: ईझेड८१ ला ५०, जीझेड३४ ला ६० मायक्रोफॅरड. त्यापलीकडे गेलात तर चालू करतानाचा झोत रेक्टिफायरला खातो.

प्लेटपासून पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या जाळीकडे) जाणारे मेणकागदी कॅपॅसिटर तर न मोजता बदला. त्या जागी त्याच आकड्याचे, ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलिन. हा दोन-चार नगांचा खर्च पुढे आउटपुट व्हॉल्व्ह वाचवतो. कसा, ते खाली येतंच.

पहिल्यांदा वीज: सिरीज बल्ब

इलेक्ट्रिशियनचा सिरीज बोर्ड हवा, म्हणजे फेजमध्ये बल्ब आणि पुढे सॉकेट. बल्ब जुन्या तारेचाच हवा. एलईडी इथे बिनकामाचा. छोट्या सेटला ६० वॉट, मोठ्याला १००. सोबत डिमरस्टॅट (दाब हळूहळू वाढवायचा फिरता ट्रान्सफॉर्मर) मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण तो मेनपासून वेगळं करत नाही, त्याने झटका टळत नाही.

पायरी पहिली: सगळे व्हॉल्व्ह बाहेर, रेक्टिफायरसुद्धा. बल्ब क्षणभर चमकून विझायला हवा, फार तर मंद तांबूस राहील. तसाच अर्धा तास ठेवा आणि मग प्लग काढून ट्रान्सफॉर्मरला हात लावा. कोमट चालेल. काहीही भार नसताना चटका बसत असेल तर आत वेढे शॉर्ट आहेत, आणि ही गोष्ट ओमच्या मोजणीत सहसा दिसली नसती. व्हॉल्व्हऐवजी डायोडचा रेक्टिफायर असेल तर भाराविना दाब फार चढतो, कॅपॅसिटरच्या मर्यादेपलीकडेही. अशा सेटला ही पायरी डिमरस्टॅटवर निम्म्या दाबापर्यंतच करा.

पायरी दुसरी: स्पीकर टर्मिनलला भार जोडा. ३३ ओम, १० वॉटचे चार रेझिस्टर समांतर जोडले की ८.२५ ओम, ४० वॉटचा भार तयार होतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प भाराविना कधीच चालवायचा नाही. सिग्नल मिळाला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत दाब उसळतो आणि इन्सुलेशन फुटतं. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पची सवय असलेले इथेच फसतात. सगळे व्हॉल्व्ह बसवा, आवाज शून्यावर, चालू करा. बल्ब आधी झगझगीत, मग फिलामेंट तापले की मंद. व्हॉल्व्ह रेक्टिफायर असेल तर अर्ध्या मिनिटाने पुन्हा थोडा उजळतो, हाय टेन्शन (प्लेटचा डीसी दाब) सुरू झाल्याची ती खूण. बल्ब पूर्ण उजेडावर अडकला तर लगेच बंद. रेक्टिफायर काढून पुन्हा बघा: बल्ब मंदावला तर दोष कॅपॅसिटरकडे किंवा आउटपुटकडे, तसाच राहिला तर ट्रान्सफॉर्मरकडे किंवा फिलामेंटच्या वायरिंगमध्ये.

सगळं सुरळीत असेल तर बल्ब काढून थेट वीज. या वेळी खोलीतला दिवा मालवा आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या पत्र्याकडे बघत राहा, एक हात बटणावर. आतली बारीक नारिंगी तार पेटणं साहजिक. पण राखाडी प्लेट स्वतः मधोमध लाल होऊ लागली तर एक क्षण थांबू नका. काचेच्या आतल्या भिंतीवर निळसर झाक दिसली तर चालेल. प्लेटच्या आत जांभळट धूसरपणा दिसला तर व्हॉल्व्हमध्ये वायू आहे, तो बाद.

प्लेट लाल होण्याचं कारण बहुतेक वेळा व्हॉल्व्ह नसतो. मागचा कॅपॅसिटर गळतो, ग्रिडवर धन दाब येतो आणि व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर प्रवाह ओढतो. तपासणी अशी: आउटपुट व्हॉल्व्ह बाहेर, आधीचे आत, आणि ग्रिडच्या पिनवर डीसी दाब. ईएल८४ ची ग्रिड पिन दुसरी, ईएल३४ ची पाचवी. कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावर) रेझिस्टर असलेल्या सेटमध्ये शून्य यायला हवं. ०.२-०.३ व्होल्ट जरी धन आले तरी तो कॅपॅसिटर गळका. फिक्स्ड बायसच्या (ग्रिडला वेगळा उणे दाब देणाऱ्या) सेटमध्ये याच पिनवर उणे ३०-४० व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत, आणि ते दिसल्याशिवाय ईएल३४ आत घालायचेच नाहीत.

बायसचा हिशोब

बायस म्हणजे सिग्नल नसताना व्हॉल्व्हने किती प्रवाह ओढायचा ते ठरवणारा ग्रिडचा दाब. मीटरच्या क्लिप सेट बंद असताना लावायच्या, मग चालू करून आकडा वाचायचा, मग बंद. चालू सेटमध्ये प्रॉड घेऊन शोधाशोध करू नका, एका घसरणीत पिन ३ आणि पिन २ जोडल्या जातात.

एकट्या ईएल८४ च्या सेटमध्ये कॅथोड रेझिस्टर १३५ ओमच्या जवळचा असतो. त्यावर ७.३ व्होल्ट आले तर प्रवाह ५४ मिलिअँप. त्यातले साडेपाचेक स्क्रीनचे (दुसऱ्या जाळीचे), उरलेले ४८ प्लेटचे. प्लेट आणि कॅथोडमध्ये २५० व्होल्ट असतील तर २५० गुणिले ०.०४८ म्हणजे १२ वॉट, ईएल८४ ची नेमकी कमाल मर्यादा. या सेटमध्ये ९ व्होल्ट दिसले तर व्हॉल्व्ह भाजतोय. ४-५ दिसले तर तो थकला आहे.

ईएल३४ ची मर्यादा २५ वॉट. पुश-पुल, फिक्स्ड बायसमध्ये तिच्या सत्तर टक्क्यांवर, म्हणजे साडेसतरा वॉटवर ठेवा. ४३० व्होल्टला ते ४० मिलिअँप होतात. जोडीतल्या दोघांत पाच मिलिअँपपर्यंत फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर व्हॉल्व्हची अदलाबदल करून बघा: फरक व्हॉल्व्हबरोबर सरकला तर व्हॉल्व्ह, जागेवरच राहिला तर सर्किट.

कान

भार काढून साधा, फार जीव नसलेला स्पीकर जोडा. माइक सेट असेल तर कॉम आणि ८ वर. चुकून १०० व्होल्टच्या टोकाला लावू नका. आवाज शून्यावर असतानाही जाड गुणगुण येत असेल तर ती १०० हर्ट्झची, फिल्टर कॅपॅसिटरची. खर्जातली, ५० हर्ट्झची गुणगुण फिलामेंटच्या वायरिंगकडून किंवा गळक्या कॅथोडकडून येते. आवाजाबरोबर वाढणारी गुणगुण इनपुटच्या बाजूची. पुश-पुलमध्ये एक व्हॉल्व्ह थकला तरी गुणगुण वाढते, म्हणून कॅपॅसिटरला दोष देण्याआधी वरचे मिलिअँप बघा.

पेन्सिलीच्या मागच्या टोकाने प्रत्येक व्हॉल्व्हला हलकी टिचकी द्या. पहिल्या ईसीसी८३ मधून किंचित टुंग आवाज येणं क्षम्य आहे. टिचकीनंतर आवाज घुमत राहिला तर तो व्हॉल्व्ह शेवटच्या जागी सरकवा किंवा बदला. टिचकीने कडकड झाली तर सॉकेट. पिना आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, सॉकेटच्या पाकळ्या सुईने अलगद आवळा. कूलरच्या दमट हवेत ठेवलेल्या सेटमध्ये या पाकळ्यांवर हिरवट थर हमखास सापडतो.

आपल्याकडचा उन्हाळा

जुन्या सेटमागे दाबाचा सिलेक्टर असतो: २००, २२०, २४५ असा काहीसा. आपल्या घरचा दाब संध्याकाळी कूलर-एसी सुरू असताना आणि पहाटे सगळं शांत असताना, असा दोनदा मोजा आणि मोठ्या आकड्याप्रमाणे सिलेक्टर लावा. २२० वर लावलेल्या सेटला २४५ मिळाले तर ६.३ चे फिलामेंट ७ व्होल्टवर जातात, व्हॉल्व्हचं आयुष्य झपाट्याने घटतं आणि हाय टेन्शनही त्याच प्रमाणात चढतं. फिलामेंटच्या टोकांवर ६.० ते ६.६ हवेत. सिलेक्टर नसेल आणि दाब फार खेळत असेल तर सर्व्हो स्टॅबिलायझर लावा.

सेटच्या वर किमान सहा इंच मोकळी जागा, मागचा पत्रा भिंतीपासून दूर. कूलरचा झोत सरळ तापलेल्या काचेवर येऊ देऊ नका. बायस जानेवारीत लावला असेल तर मे महिन्यात दुपारी, सेट तासभर चालल्यावर, पुन्हा मोजा. नवे व्हॉल्व्ह घातले असतील तर पहिल्या वीसेक तासांनंतरही एकदा, कारण सुरुवातीला त्यांचा प्रवाह सरकतो आणि मग बसतो.